उणे ऐंशीतली आई

३ फेब्रुवारी

धाकटीचा रिपोर्ट आला. वरचं नाव आणि वय झाकलं तर आईचाच. तीच जागा, तीच गाठ, आणि सांगताना डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणला तोही तसाच. मी म्हटलं, "हे आम्ही एकदा वाचलंय." त्या गडबडल्या. धाकटी फिसकन हसली. तिला नको तिथे हसू येतं, लहानपणापासून. आईने त्यापायी तिला किती धपाटे घातले असतील.

येताना गाडी तिनेच चालवली. ती शाळेची व्हॅन चालवते, आणि व्हॅनमध्ये बसलं की मला तिची धाकटी बहीण झाल्यासारखं वाटतं. सिग्नलला म्हणाली, "ताई, तोंड नीट कर, मागची पोरं घाबरतील." मागे कुणी नव्हतं. तरी मी एकदा वळून पाहिलंच.

प्रयोगशाळेत एक खोड लागते. जे लिहून ठेवलं नाही ते झालंच नाही असं धरायचं. हे झालंय. म्हणून लिहितेय.

९ फेब्रुवारी

आईला दिलेली औषधं धाकटीला देण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या औषधांनी आईची काय दशा केली ते आम्ही दोघींनी पाहिलं आहे. मग त्यांनी दुसरी वाट सांगितली आणि मला खुर्चीत बसवेना. एका नव्या उपचाराची माणसांवरची चाचणी त्यांच्याकडे सुरू आहे. तिसऱ्या गटात एक जागा आहे, धाकटीला घेता येईल.

तो उपचार म्हणजे आमचे नॅनोकण. आमचे म्हणजे, बनवते मीच. शरीरात विरघळून जाईल अशा पदार्थाचा गोळा, इतका बारीक की एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील, आणि त्याच्या पोटात औषध. औषधाने थेट गाठीत जाऊन उतरायचं, बाकी शरीराला धक्का लावायचा नाही. कागदावर फार देखणं दिसतं. गेली कित्येक वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

आमच्या सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, म्हणजे आता बोलणी बसणार. "तिच्या बॅचला तुम्ही हात लावायचा नाही. फायलीला नाही, रक्ताच्या नमुन्यालाही नाही. नात्यातला पेशंट आहे. कळलं?" कळलं. हा नियम नव्यांना मीच शिकवते. मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "आणि दुसऱ्या गटातले ते मास्तर विसरू नका."

कशी विसरेन? सलाईन सुरू झाली आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला, छाती आवळली, श्वासच अडला. थोडक्यात वाचले. त्यांची बायको मला कॉरिडॉरमध्ये भेटली होती. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. चहा कुठे मिळतो एवढंच तिने विचारलं. मी तिला जिना दाखवला आणि पळाले.

१२ फेब्रुवारी

आज धाकटीला सगळं समजावून सांगितलं. स्वयंपाकघरात, ती अंडी फेटत असताना. तिला बसून ऐकायला सांगितलं तर तिचं डोकं चालत नाही.

"त्या मास्तरांना काय झालं होतं नेमकं?"

म्हटलं, कण रक्तात पडला की तो आम्ही बनवलेला राहत नाही. रक्तात हजारो जातींची प्रथिनं फिरत असतात. ती त्याच्यावर तुटून पडतात, चिकटतात, क्षणात त्याच्या अंगावर थर चढतो. शरीराला आतला कण दिसतच नाही, दिसतो तो थर. त्या थरावरून यकृत ठरवतं की याला गिळायचं, का गाठीकडे जाऊ द्यायचं. त्या थराला आमच्या शास्त्रात कोरोना म्हणतात, पण हल्ली हा शब्द काढला की लोक दोन पावलं मागे सरतात, म्हणून मी थरच म्हणते. आणि गंमत म्हणजे तोच कण तुझ्या रक्तात एक थर चढवील आणि माझ्या रक्तात दुसरा.

धाकटी म्हणाली, "म्हणजे नवीन पोरगं व्हॅनमध्ये चढलं की पहिल्या दिवशी शेजारी कोण बसतं त्यावर त्याचं वर्ष ठरतं, तसं."

अगदी तसं. मला दहा व्याख्यानांत इतकं नीट सांगता आलं नसतं.

"त्यातली काही प्रथिनं म्हणजे पहारेकरी," मी म्हटलं. "एरवी झोपलेले. परकं काही दिसलं की उठतात, त्याला चिकटतात आणि बोंब ठोकतात. मास्तरांचे जरा जास्तच उठले."

"उठतात कशाने?"

"कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं त्यांना. रक्तात असतंच."

"दूध पिऊन उठतात मेले!" म्हणून ती हसत सुटली. मग तवा तापत ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझे उठतील?"

हाच प्रश्न. धाकटीची छाती आधीच नाजूक आहे. मास्तर वाचले म्हणून ती वाचेलच असं नाही.

"ताई, तू सांग. तू हो म्हणालीस तर घेते, नाही म्हणालीस तर नाही. मला त्यातलं काय कळतंय?"

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. निर्णय तिच्यावर पडला असता तर पोरीने घोळ घातला असता.

१६ फेब्रुवारी

धाकटीचं रक्त मला मिळणार नाही. पण आई आहे.

आई उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये आहे, सगळ्यात खालच्या खणात, मागे. ती धडधाकट होती तेव्हा आमचं एक यंत्र नवीन आलं होतं आणि ते जुळवून घ्यायला निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. सगळ्यांनी आपापल्या घरचे लोक आणले. आई मोठ्या ऐटीत आली. नर्सने पुढे नळ्या मांडल्या, हिरव्या बुचाच्या, निळ्या, जांभळ्या. आई म्हणाली, "जांभळी द्या बाई, तो रंग मला शोभतो." सगळे हसले आणि जांभळी दिली. आम्हालाही ते सोयीचं होतं. त्या नळीत जे औषध असतं ते रक्तातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतं, मग रक्त गोठत नाही आणि काम सोपं होतं. मग रक्त यंत्रात गरगर फिरवून वर सुटलेलं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, तेवढा काढला आणि छोट्या कुप्यांत भरून ठेवला. कुप्यांवर क्रमांक टाकायचा असतो. आईने पेन हिसकावून चिकटपट्टीवर स्वतःच्या हाताने "आई" लिहिलं. क्रमांक काय म्हणे, मी कैदी आहे का?

ती गेल्यावर मी तो खण कुणाला उघडू दिलेला नाही. सर कधी काही बोलले नाहीत.

रक्त तेच. गाठ तीच. धाकटीबद्दल विचारायचं तर आईइतकं जवळचं दुसरं कोण आहे? हे शास्त्र नव्हे, हे मला कळतं. आई म्हणजे धाकटी नव्हे. पण चेहरा, केस, चाल, चिडणं सगळं तिचं घेतलं आहे धाकटीने, तर हे तेवढं का नसेल?

आज जेवणाच्या सुट्टीत खण उघडला. पांढरी वाफ अंगावर आली. आणि माझ्या मागे कुणीतरी घसा खाकरला.

आई कधी तोंडाने नाही म्हणत नसे. नुसती घसा खाकरायची. बाबांना, शेजारणीला, आम्हाला, सगळ्यांना तेवढं पुरायचं.

मी वळले. खोलीत कुणी नव्हतं. फ्रीजर जुना झालाय, त्याचा कॉम्प्रेसर मधूनच असा आवाज करतो.

२१ फेब्रुवारी

केलं.

सर बाहेरगावी परिषदेला होते. आईची एक कुपी काढून हातातच वितळू दिली. पाण्यात ठेवायला हवी होती, माहीत आहे. पण तळहातात धरली. आधी बर्फ, मग गारगार, मग हळूहळू माझ्या हाताइतकी ऊब. रंग फिक्या चहासारखा. टोपण काढल्यावर वास नसतोच कसला, तरी मी नाक जवळ नेलं.

तिच्या प्लाझ्मात आमचे कण सोडले. शरीराच्या तापमानाला तासभर ठेवले. फिरवून कण खाली बसवले, धुतले, पुन्हा धुतले, म्हणजे जे घट्ट चिकटलं आहे तेवढंच राहतं. मग ती प्रथिनं सोडवून जेलच्या पातळ वडीत विजेच्या जोरावर चालवली आणि निळा रंग दिला. प्रत्येक प्रथिन आपापल्या जागी पट्टा होऊन उमटतं. तुलनेला शेजारी नेहमीचा मिश्र प्लाझ्मा होता, बाहेरून विकत येतो तो, अनेकांचा एकत्र केलेला. त्याच्यात पहारेकऱ्यांच्या जागी पट्टा उठला, फिका का होईना.

आईच्या रांगेत ती जागा कोरी.

मी वडी उजेडावर धरून कितीदा पाहिली. वर जाड पट्टा, मध्ये दोन-तीन नाजूक. पहारेकऱ्यांच्या जागी काही नाही. आणखी एक कुपी काढून पुन्हा केलं. कोरी. आईच्या अंगात आमचे कण गेले असते तर पहारेकऱ्यांनी कूस बदलली नसती. चार वर्षांपूर्वी हे कण तयार असते तर... नको.

आई गप्प आहे. म्हणजे आईची हरकत नाही.

२२ फेब्रुवारी

सकाळी धाकटीला सांगितलं, "घे. मी बघितलंय. काही होणार नाही तुला."

ती बुटाची नाडी बांधत होती. बांधता बांधता थांबली. "नक्की?"

"नक्की."

"बरं. घेऊ मग." नाडी पुन्हा सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "आणि तुझ्या यंत्राने नाही म्हटलं असतं तर?"

"तर नको म्हटलं असतं."

"आणि मग आपण काय केलं असतं?"

"धाकटे, आता कशाला त्या जर-तरच्या गोष्टी? हो आलंय ना?"

"हो ना. आलंय खरं," म्हणाली आणि गेली. खाली व्हॅन सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मी खिडकीतून बघितलं तर स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसली होती. दमते हल्ली.

२७ फेब्रुवारी

दिवस बरे चाललेत, पण घरात आई फार आहे.

धाकटीला थंडी वाजते म्हणून तिने आईचा करडा स्वेटर काढला आहे. दिवसभर तोच. वजन उतरल्यामुळे तिची गालफडं वर आली आहेत, अगदी आईची. काल ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती आणि मी म्हटलं, "आई, राहू दे ते, मी धुते." तिने वळून पाहिलं नाही. म्हणाली, "धू." इतकंच.

स्वयंपाकघरातला साधा फ्रिजसुद्धा आता घसा साफ केल्यासारखा आवाज करतो. मी त्याला भिंतीपासून पुढे ओढून पाहिलं. मागे धुळीशिवाय काही नव्हतं.

संध्याकाळी धाकटी आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलत होती. म्हणे, आईने नर्सला सलाईन काढून टाकायला सांगितलं होतं, आणि मी नर्सला म्हटलं की तिचं ऐकू नका, ती तापात बोलतेय. मला असलं काही आठवत नाही. आईला तेव्हा ताप होताच. मी धाकटीला सांगितलं, तू लहान होतीस. "पस्तिशीची होते गं मी," ती म्हणाली.

५ मार्च

चाचणीत नाव पक्कं झालं. तेरा तारीख. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला सगळं वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडं होतं. सगळं झाल्यावर धाकटीने विचारलं, "नंतर नाव काढून घेता येतं का?"

"कधीही. सुई टोचायच्या आधी तर कधीही. कारणसुद्धा सांगावं लागत नाही."

"अगदी शेवटच्या मिनिटालाही?"

मला तर लाजच वाटली. एवढी धडपड करून जागा मिळाली आणि ही पहिला प्रश्न विचारते तो बाहेर पडण्याचा. येताना तिला म्हटलंही. ती म्हणाली, "व्हॅनमध्ये पोरांना पहिल्या दिवशी मी काय दाखवते माहितेय? मागचं दार कसं उघडतं ते." मला हसू आलं. ती मात्र हसत नव्हती.

फ्रीजरमध्ये आता आईची एकच कुपी उरली आहे. मधल्या दिवसांत मी उगीचच आणखी दोनदा प्रयोग केला. उगीच कसं म्हणू. तिच्याशी बोलल्यासारखं वाटायचं. दर वेळी कोरी जागा, दर वेळी बरं वाटायचं.

१० मार्च

देवा. देवा रे.

आज नव्या मुलामुलींना रक्त घेण्याच्या नळ्यांबद्दल शिकवत होते. हे मी झोपेतही शिकवू शकते. हिरवं बूच, त्यात हे औषध. निळं बूच, त्यात ते. मग जांभळी नळी हातात धरून म्हटलं, "ही कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते, म्हणून यात रक्त गोठत नाही. मात्र लक्षात ठेवा, ज्याला ज्याला कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं ते सगळंच यात झोपून राहतं, उदाहरणार्थ..."

आणि उदाहरण माझ्या तोंडातच राहिलं.

पहारेकरी.

सगळी पोरं पेन वर करून माझ्याकडे बघत होती. हातातली नळी टेबलावर ठेवली, ती गडगडत खाली पडली. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पाणी देऊ का?" मी सांगितलं, आजच्यापुरतं एवढंच.

विकतचा मिश्र प्लाझ्मा हिरव्या बुचाचा असतो, ती नळी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरत नाही. म्हणून त्याच्यात पट्टा उठला. आई गप्प होती कारण तिला बोलताच येत नव्हतं. जांभळ्या नळीने तिच्या तोंडात बोळा कोंबला होता. आणि तिच्या गप्प राहण्यावर मी धाकटीला "नक्की" म्हणाले. वर्षानुवर्षं ज्या चुकीवरून मी इतरांना झापत आले ती चूक मी, स्वतःच्या आईवर, स्वतःच्या हाताने, पुन्हा पुन्हा केली.

११ मार्च

शेवटची कुपी.

वितळल्यावर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं क्षारपाणी परत घातलं, नळीतल्या औषधाने धरून ठेवलं तरी वर उरेल इतकं. आधी काही झालं नाही. मी कुपी कलती करून पाहत राहिले. मग ती पिवळी धार चालेनाशी झाली. आतल्या आत धुकट झाली, जड झाली, आणि बघता बघता सगळा प्लाझ्मा थिजून गोळा झाला. कुपी उलटी केली तरी पडेना. रक्त गोठायला हवं तसं ते गोठलं, इतकी वर्षं थांबून. मला माहीत होतं हे होणार. तरी मी कुपी टेबलावर ठेवली आणि खोलीच्या बाहेर जाऊन उभी राहिले. आत कुणीतरी जागं झालंय आणि मी पाठ फिरवली तर बोलेल असं वाटत होतं. मागे वळून बघायची छाती होईना.

मग परत आत गेले. करायचं होतं ते केलं. गोळ्यातून निथळलेलं पाणी काढून त्यात कण सोडले, तासभर ठेवले, धुतले, वडीत चालवले.

रंग चढत गेला तसा पहारेकऱ्यांच्या जागी पट्टा उठला. फिका नव्हे. मिश्र प्लाझ्मापेक्षा कितीतरी गडद, रुंद, निळाशार. आई ओरडत होती.

मी म्हटलं, "ऐकलं गं. ऐकलं." मोठ्याने म्हटलं बहुतेक, कारण शेजारच्या टेबलावरचा सहकारी बघायला लागला.

आता आईचं काहीच उरलेलं नाही. कुपी धुवून टाकायची असते. मी अजून धुतलेली नाही.

१२ मार्च

सरांना सगळं सांगितलं. वडी पुढे ठेवली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते माझ्याकडे बघत बसले, कुणी आजारी माणसाकडे बघतं तसे.

"ही तुमच्या आईची ना? मग हिच्यावरून तुमच्या बहिणीबद्दल काय कळतं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"आधीच्या कोऱ्या जागेवरून काय कळत होतं?"

"काही नाही."

"मग?"

त्यांनी माझ्यासमोरच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, अशी प्रतिक्रिया कुणालाही येऊ शकते असं धरूनच त्या चालतात. आधी इंजेक्शन देणार, थेंब थेंब सोडणार, स्वतः शेजारी बसणार. मास्तरांच्या वेळी हे केलं नव्हतं, आता करतात. धोका आहे, पण हाताबाहेरचा नाही. चाचणी थांबवायचं कारण नाही.

म्हणजे अजूनही घेता येईल. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. धाकटीला सांगायचं की नाही? न सांगताही चालण्यासारखं आहे. ती सही करून मोकळी झाली आहे, बाई सगळं सांभाळणार आहेत, मी उगीच तिच्या मनात भीती का घालू? सबंध संध्याकाळ ती आईचा स्वेटर घालून समोर बसून सूप पीत होती आणि मी तिला काहीच बोलले नाही.

१३ मार्च

वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत ती बाही वर करून बसली होती. शेजारी स्टँड, त्याला अजून पिशवी लावलेली नव्हती. स्वेटर घडी करून मांडीवर. मला बघून म्हणाली, "ये. तुझी ती कणांची पिल्लं कुठायत? अजून आली नाहीत वाटतं."

आणि माझं तोंड सुटलं. सगळं सांगितलं. जांभळं बूच, कोरी जागा, थिजलेला गोळा, तो पट्टा. मी नक्की म्हणाले ते खोटं होतं, म्हणजे खोटं नव्हतं, पण त्याला काडीचा अर्थ नव्हता. ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचे खांदे खाली आले. मला वाटलं घाबरली. मी घाईघाईने म्हटलं, "पण घाबरू नकोस, वाट आहे. हळू सोडणार आहेत, आधी इंजेक्शन देतील, बाई इथेच बसतील, तू म्हणशील तर मीसुद्धा..."

"ताई, म्हणजे आता नाही म्हटलं तर चालेल?"

मला कळलंच नाही ती काय म्हणतेय.

"असं ठरलं होतं ना आपलं? तू नाही म्हणालीस तर नाही. मी त्या दिवसापासून वाट बघतेय गं. तू हो म्हणालीस तेव्हा मला व्हॅन सुरू करवेना. पण म्हटलं, ताईला हवंय, घेऊन टाकू."

मी भडकले. वॉर्डात, सगळ्यांसमोर. "मला हवंय म्हणून? माझ्यासाठी सुया टोचून घेतेस तू? अक्कल गहाण ठेवलीस का? पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस?"

रागाने नाही म्हणाली. खरंच आठवून बघितल्यासारखं म्हणाली.

"यंत्राला विचारलंस. आईच्या रक्ताला विचारलंस, ते संपेपर्यंत विचारलंस. ती सलाईन काढा म्हणाली तेव्हा ऐकलं नाहीस, आणि ती गेल्यावर चार वर्षं तिला बर्फात बसवून तिच्याकडून हो वदवून घेत होतीस. मी जिवंत आहे, ताई. मला तोंड आहे."

नर्स आली, हातात पिशवी घेऊन. आमच्याकडे बघून थोडी लांबच थांबली.

माझ्या तोंडात पुढची वाक्यं तयार होती. किती वेगाने सोडतात, किती जणांना गुण येतो, न घेतल्यास काय होतं. आईचं काय झालं ते तिला माहीत आहे. माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आत्ता कळलं. मी ती वाक्यं गिळली. त्यांना इतकी कडू चव असेल असं वाटलं नव्हतं.

"तुला काय हवंय?" मी विचारलं.

"घरी जायचंय. आणि हे पुन्हा नाही. कुठलंच नाही." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "पण तुझं रडून होऊ दे आधी. असलं तोंड घेऊन मी तुला गाडीत बसवणार नाही."

मी रडत नव्हते, असं मला वाटत होतं. गालाला हात लावला तर ओला झाला. धाकटीने बाही खाली केली, खुर्चीत जरा सरकून मला जागा करून दिली. नर्सने काही विचारलं नाही. तिने स्टँडला हात घातला आणि तो ढकलत पलीकडच्या खुर्चीकडे नेला.